पोसमाला देवाचे डोळे

"देवाचे डोळे काढताना हात कापत नाही का हो?" हा प्रश्न पेणला गणपतीचा कारखाना बघायला आलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाने मला विचारलेला आहे. मी बत्तीस वर्षं एकच उत्तर देत आले. "कापायला काय झालं? मी काय चोरी करते?" बत्तीसपैकी तीस वर्षं ते उत्तर खरं होतं. पुढच्या दोन वर्षांत ते खोटं कसं झालं आणि ते मी कोणापुढे कबूल केलं, ते आज लिहिते. त्यात एक ऑस्ट्रेलियातला उंदरासारखा प्राणी येतो आणि एक पाखरू येतं. घाबरू नका, माझं डोकं ठिकाणावर आहे.

या दिवाळी अंकाचं काम बघणारी मुलगी म्हणाली, "लीलाकाकी, जन्म, शाळा, लग्न यातलं काही नको. थेट कामातलं सांगा." बरं झालं. माझं लग्न ज्यांनी पाहिलं ते अजून त्यातल्या जिलब्यांना नावं ठेवतात. तो विषय न निघालेलाच बरा.

तर काम. शाडू मळायचा, साच्यात दाबायचा, साचा उघडला की मूर्ती निघते. तिच्या कुशीला साच्याच्या जोडाची रेघ असते, अंगावर बारीक खड्डे नि पुटकुळ्या असतात. त्या पॉलिश पेपरने आणि ओल्या ब्रशने घालवायच्या, याला घासकाम म्हणतात. मग पांढरा रंग, मग अंगाचा रंग, पितांबर, दागिने, आणि सगळ्यात शेवटी डोळे. डोळे काढण्याला आम्ही आखणी म्हणतो. ती मी करते. वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची, श्वास धरून. मध्ये थांबलात तर रेघेला गाठ पडते. मग खालची रेघ, मग बुबुळ, आणि बुबुळात तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. तो ठिपका पडेपर्यंत माती असते, ठिपका पडला की समोरचा माणूस चप्पल काढतो. नजर किंचित खाली ठेवायची, म्हणजे जमिनीवर बसलेल्या माणसाला वाटतं की देव माझ्याचकडे बघतोय.

या नजरेपायी काय काय ऐकून घेतलंय मी. एकदा रोह्याचे एक गृहस्थ चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती घेऊन परत आले. म्हणाले, "हा गणपती माझ्या भावाकडे बघतो." घराची वाटणी झालेली, मधल्या खोलीत भिंत नाही, नुसता पडदा. देव मात्र सामाईक. मी त्यांना म्हटलं, "पाट चार बोटं तुमच्या बाजूला फिरवा." ते खूश होऊन गेले. दुपारी त्यांचा भाऊ आला. त्यालाही मी तेच सांगितलं. त्या वर्षी त्या घरात दहा दिवस पाट फिरत होता म्हणतात. दुसरं एक गिऱ्हाईक डोळे मिटलेला गणपती मागत होतं. का, तर म्हणे ध्यानस्थ पाहिजे. त्याची बायको मागून हळूच म्हणाली, "घरात काय चाललंय ते देवाला दिसू नये म्हणून." मी उघडेच डोळे काढून दिले, आणि जरा मोठेच काढले.

मान सगळा आखणीला. टीव्हीवाले आले की कॅमेरा माझ्या हातावर. पाहुणे आले की "या आमच्या लीलाकाकी, डोळे यांचेच." मी मान वाकडी करून हसायची सवयही लावून घेतली होती. कारखान्याचा मालक बाळाशेठ. त्याला मी हाफ पँटमध्ये पाहिलाय, त्यामुळे चारचौघांत शेठ आणि एरवी नुसता बाळा. त्याचा बाप म्हणायचा, "लीला आहे तोवर कारखान्याला काय नाय." मला ते खरं वाटायचं.

माझ्यापासून दोन हातांवर हिराबाय बसायची. घासकाम तिचं. खारेपाटातली बाई, घरचे पिढ्यान् पिढ्या मिठागरावर. मिठाने तिच्या बोटांचे ठसे कधीच गेलेले. आधारकार्डवाल्यांनी तिला तीनदा परत पाठवली होती. रोज सकाळी मिनिडोर रिक्षातून यायची, पदर खोचून बसायची आणि संध्याकाळपर्यंत मूर्ती घासायची. तिच्याकडे कधी कॅमेरा गेला नाही. कोणी पाहुणा म्हणाला नाही, "वा, काय घासलंय." चांगलं घासलेलं दिसतच नाही, वाईट घासलेलं तेवढं दिसतं. मला ती "लीले" म्हणायची, मी तिला "हिराबाय". शेजारी बसून आमची वीस वर्षं गेली. तिच्या हाताची सुकटीची चटणी मी रोज खाल्ली, आणि तिच्या कामाबद्दल तिला एकदाही काही विचारलं नाही.

मग बाळाने नवे रबरी साचे आणले आणि पांढऱ्या रंगाला स्प्रेचं मशीन घेतलं. संक्रांतीच्या आधी दोन दिवस तो हिराबायपुढे येऊन उभा राहिला.

"हिराबाय, सणानंतर यायची गरज नाय. नव्या साच्यातून मूर्ती साफ निघते. घासकाम राहिलंच नाय. वाईट वाटून घेऊ नको."

हिराबायने हातातली मूर्ती पुरी घासली, फडक्याने पुसली आणि फळीवर ठेवली. "बरां," म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी बुबुळ काढत होते. बुबुळ काढताना मान वर करायची नसते. तो नियम त्या दिवशी मला फार सोयीचा वाटला.

आता दोन वर्षांची ती गोष्ट सांगते. हिराबाय जायच्या दोन वर्षं आधीपासूनच माझा उजवा हात हलायला लागला होता. फार नाही, चहाचा कप धरला की चहाला कळायचं एवढंच. पण मी श्वास धरला की ब्रश सरळ जायचा. मी मनाशी म्हटलं, हात म्हातारा झालाय, विद्या नाही झाली. घरी कोणाला बोलले नाही. कारखान्यात तर नाहीच. आखणी करणाऱ्या बाईचा हात हलतो हे कळलं की तिचा हात रिकामा होऊन तिच्याच मांडीवर येतो.

हिराबाय गेली आणि आठवड्याच्या आत माझी विद्याही गेली. रेघ ओढावी तर मध्येच अडखळायची, फुटायची, रंग बाजूला पाझरायचा. एकेक डोळा तीन तीनदा पुसून काढायला लागले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले, त्याने चष्मा बदलून दिला. नव्या चष्म्यातून वाकडी रेघ आणखी स्वच्छ दिसायला लागली. मी बाळाला म्हटलं, हा रंग बदल, रंगात खोट आहे. त्याने रंग बदलला. मग ब्रश बदलला. तिसरी काय बदलायची वस्तू राहिली होती ते मला माहीत होतं, म्हणून मी गप्प बसले.

याच दिवसांत मृणाल आली. रोह्याची पोर, तिचे वडील धाटावला कंपनीत शिफ्टला जायचे. शिकायला ऑस्ट्रेलियात गेली आणि तिकडच्या डोंगरात जनावरं मोजत राहिली. आता परत येऊन इकडच्या शाळांतून प्रदर्शनं मांडते. तिला दोन मूर्ती पाहिजे होत्या. तिने मॉडेल म्हटलं, पण आमच्याकडे जे बनतं ते मूर्तीच.

तिने फोनवर फोटो दाखवले. एक छोटासा प्राणी, तळहातावर मावेल एवढा, उंदरासारखं तोंड, लांब शेपूट. डोंगरी पोसम. कांगारूसारखी याच्याही पोटाला पिशवी. पिल्लू दाण्याएवढं जन्मतं आणि त्या पिशवीत मोठं होतं. दुसरा फोटो एका पाखराचा. रात्री दिव्यावर येतात त्यातलं, मातकट रंगाचं, पंखांवर दोन दोन ठिपके. बोगाँग मॉथ. "दोघंही संपायच्या वाटेवर आहेत काकी," मृणाल म्हणाली. "मुलांनी दोघांना शेजारी शेजारी बघायचं आणि ठरवायचं, एकालाच वाचवता येणार असेल तर कोणाला वाचवायचं."

बाळा म्हणाला, "आपल्याकडं काय जनावरं कमी हायत, म्हणून ऑस्ट्रेलियातली?"

"आपल्याकडची मांडली ना काका, की माणसं लगेच रस्ता, कंपनी, जमीन यावर भांडायला लागतात. लांबची मांडली की नीट विचार करतात."

पोरगी हुशार. मी तेव्हाच ओळखलं की हिच्या पोटात आणखी काहीतरी आहे.

पोसम घडवायला घेतला आमच्या जनूभाऊंनी. वय झालं तरी हात असा की मातीला आपण कोण व्हायचं ते त्यांच्या आधी कळतं. पण त्या मातीलाही गणपतीशिवाय दुसरं काही व्हायची सवय नाही. दोन फुटांचा पोसम तयार झाला आणि आम्ही बघतो तर तो पाटावर बसलेला. मागे लोड. मृणाल म्हणाली, "भाऊ, हा खडकांच्या फटीत राहतो, पाटावर नाही." जनूभाऊ म्हणाले, "मग त्याला ठेवणार कशावर? नुसता जमिनीवर?" त्यांचा चेहरा असा झाला की मृणालने पाट राहू दिला. लोड तेवढा काढायला लावला. पोटाची पिशवी मात्र भाऊंनी झकास केली. तुंदिलतनूची सवय कामाला आली.

पोसम नव्या पद्धतीने झाला, म्हणजे न घासता, वरून स्प्रे. डोळे काढायला माझ्यापुढे आला. मृणालने बजावलं होतं, "काकी, याचे डोळे नुसते काळेभोर मणी असतात. पांढरं नको, पापणी नको." यात काय अवघड? दोन काळे गोल. मी ब्रश टेकवला आणि हात हलला. गोलाला शेपूट फुटलं. पुसलं. दुसऱ्यांदा काढलं, रंग पाझरला आणि काळा ओघळ गालापर्यंत गेला. पोसम रडायला लागला. बाळा समोर उभा. तेव्हा मी डोळे क्षणभर मिटले आणि हाताला म्हटलं, तुला जे येतं ते कर बाबा. हाताला एकच येतं. वरची पापणी, खालची रेघ, पांढरं, बुबुळ, कणीएवढा ठिपका, नजर किंचित खाली. त्या रेघा माझ्या हाताच्या इतक्या ओळखीच्या की त्या कशाबशा उतरल्या.

बाळाने हात जोडले. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते खिशात घातले. "काकी, हे उंदराला..."

"उंदीर नाय, पोसम."

"पोसमाला देवाचे डोळे काढलेस तू."

"मग काय झालं? त्याला बघायला नको?" मी तावातावाने म्हटलं. चूक झाली की मी फार मोठ्याने बोलते.

राहिला मॉथ. तो करायला कोणालाच उत्साह नव्हता. जनूभाऊंनी सुपाएवढा करून ठेवला, पण मॉथच्या अंगावर भुरभुरीत लव असते, पंख साय धरल्यासारखा मऊ असतो, ते काही केल्या साधेना. स्प्रे मारला तर तो मॉथ न दिसता पत्र्याचा वाटायला लागला. प्रदर्शन चार दिवसांवर आलं. शेवटी बाळाने एका दिवसापुरती हिराबायला बोलावली.

ती आली. माझ्याशी काही बोलली नाही, मीही नाही. आपल्या जुन्या जागेवर बसली आणि मॉथ मांडीवर घेतला. पॉलिश पेपर, मग ओला ब्रश, मग नुसता अंगठा. दुपारपर्यंत त्या मातीचं पाखरू झालं. हात लावला तर बोटाला पूड लागेल असं वाटावं. मग तो ठिपके काढायला माझ्याकडे आला. चार ठिपके. मी घाबरतच ब्रश टेकवला. ब्रश असा गेला, जणू तुपावरून. चारही ठिपके एका दमात. मला इतका आनंद झाला की मी अबोला विसरले.

"बघ हिराबाय, माझा हात बरा झाला."

तिने पॉलिश पेपर झटकला. घडी केला. "हात नाय बरा झाला गो. जागा बरी हाय."

"म्हणजे?"

"दोन वरसां तुझा हात हलतंय. मना कललां तवाच. मंग मी डोल्यांची जागा दोनदा घासायचे. पेपर फिरवून झाला का आंगठा फिरवायचे. गुलगुलीत जागा असली का हाताचा हलनां रेघेत उतरत नाय."

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"कोन सांगल?"

आता खरं म्हणजे मी तिचे पाय धरायला हवे होते. मला आला राग. अंगाचा भडका उडाला नुसता. माझ्या पाठीमागे माझी कीव करत होती म्हणून, दोन वर्षं मी ज्याला विद्या म्हणत होते तो हिचा अंगठा निघाला म्हणून. मी तिला म्हटलं, "माझ्या हाताची पंचाईत तुला कशाला?" ती ब्रश धुवायला उठली. संध्याकाळच्या मिनिडोरने निघून गेली. त्या दिवशी मी तिची चटणी खाल्ली नाही, आणि तिनेही डबा उघडला नाही. अजून आठवलं की लाज वाटते.

प्रदर्शनाला मूर्ती टेम्पोने न्यायच्या होत्या. मॉथचा पंख वाटेत दुखावला तर जागेवर घासायला कोणीतरी हवं, म्हणून बाळाने हिराबायलाही घेतलं. पेणहून रोह्यापर्यंत पुढच्या सीटवर आम्ही तिघं. एका बाजूला बाळा गाडी चालवत, दुसऱ्या बाजूला हिराबाय, मध्ये मी, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. मागे पोसम आणि मॉथ मात्र गोणपाटात एकमेकांना टेकून मजेत.

शाळेच्या हॉलमध्ये दोन्ही मूर्ती शेजारी शेजारी मांडल्या. दोघांपुढे एकेक मटका. दारातच प्रत्येकाच्या हातावर वालाचा एक दाणा ठेवला जात होता. ज्याला वाचवावंसं वाटतं त्याच्या मटक्यात दाणा टाकायचा. मुलांना, मास्तरांना, गावातल्या माणसांना, आम्हालाही एकेक दाणा मिळाला.

मग जी गंमत झाली ती मी जन्मात विसरणार नाही. पहिल्या रांगेतली मुलं पोसमापाशी आली आणि हळूच चपला काढायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं. एका आजींनी अंबाड्यातलं जास्वंद काढून त्याच्या पायापाशी ठेवलं. एका गृहस्थांनी दाणा मटक्यात टाकून हात डोळ्यांना लावले आणि हळूच विचारलं, "हे कुठलं दैवत?" पाटावर बसलेलं, मोठं पोट, खाली झुकलेली करुणामय नजर. त्यांची तरी काय चूक? पोसमाचा मटका भरला, वाल बाहेर सांडले. मॉथपुढे कोणी थांबेना. एक पोरगी थांबली, ती बुटाची नाडी बांधायला.

मृणाल माझ्यापाशी येऊन दात ओठ खात म्हणाली, "काकी, तुम्ही याला देव करून ठेवलात. ही निवडणूक झाली का?"

"तुझं पाखरू उठून दिसत नाही त्याला मी काय करू?" मी म्हटलं.

दाणे मोजायची वेळ आली. मृणालने मॉथचा मटका उपडा केला. टण्ण करून एक दाणा पडला. हॉलभर हशा. मृणालने विचारलं, "हा कोणाचा?" मग मागे खांबाला टेकून उभ्या असलेल्या हिराबायने हात वर केला, खांद्याइतकाच.

"का हो मावशी?"

"त्याला कोन बगतच नवतां," हिराबाय म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

मृणालने मॉथला टेबलावरून उचललं आणि हॉलबाहेर नेऊन ठेवलं. परत आली आणि मुलांना म्हणाली, "ठीक. तुम्ही पोसमाला वाचवलंत. मॉथ संपला. आता एक सांगा, पोसम खाणार काय?"

कोणी म्हणालं भात, कोणी म्हणालं केळी. मग तिने सांगितलं. हा पोसम थंडीभर बर्फाखाली झोपतो. उठतो तेव्हा अंगात काही उरलेलं नसतं. त्याच सुमाराला हे पाखरू लांबच्या मैदानांतून रात्रीमागून रात्री उडत त्या डोंगरात येतं आणि कपारींत गर्दी करून बसतं. पाखराच्या पोटात चरबी असते. ती खाऊन पोसम जगतो, ती खाऊनच आईला दूध येतं. मध्ये एका काळात पाखरं फारच कमी आली. त्या वर्षांत माणसं डोंगरात पोसम मोजायला गेली तर आयांच्या पिशव्यांत पिल्लं मेलेली सापडली. "मोजणाऱ्यांत मीही होते," मृणाल म्हणाली. "सगळे येऊन पोसमासाठी हळहळायचे. पाखराचं नाव कोणी घेत नव्हतं."

मी पोसमाकडे पाहिलं. मीच काढलेले डोळे माझ्याकडे बघत होते, किंचित खाली, कारण मी खुर्चीवर बसले होते. कलाकार म्हणून मला खुर्ची दिली होती. हिराबाय खांबापाशी उभीच होती.

आणि नेमकं तेव्हाच मास्तरांनी माईकवर सांगितलं की आता मूर्तीला इतके जिवंत डोळे देणाऱ्या लीलाकाकी दोन शब्द बोलतील. शाल आणि नारळ तयार ठेवलेला दिसत होता.

मी उठले. दोन शब्द मी घरून पाठ करून आणले होते, ते तिथल्या तिथे विसरले.

"मुलांनो," मी म्हटलं, "हे डोळे चुकलेत. पोसमाचे डोळे असे नसतात. मला सांगितलं होतं दोन काळे मणी काढायला. ते मला जमले नाहीत, कारण माझा हात हलतो. हा बघा." मी हात पुढे केला. माईकपाशी दिव्याच्या उजेडात तो चांगलाच हलत होता. "दोन वर्षं हलतोय. तरी कोणाला कळलं नाही, कारण डोळ्यांची जागा एक बाई दोन दोनदा घासून देत होती. न सांगता. ती बाई म्हणजे आमच्या कारखान्यातलं ते पाखरू. मागे उभी आहे. तिला संक्रांतीला घरी बसवली. तेव्हा मी शेजारीच होते आणि मी तोंड उघडलं नाही. आणि ज्यांनी बसवली ते आमचे शेठही आलेत. पुढून दुसरी रांग, निळा शर्ट."

अख्खी शाळा वळून बाळाकडे बघायला लागली. इतके डोळे त्याच्या कारखान्यात एका हंगामातही निघाले नसतील. त्याच्या शेजारी बसलेल्या पाचवीतल्या मुलीने त्याला स्पष्ट विचारलं, "काका, तुम्ही दाणा कोणाला टाकलात?" बाळाने मूठ मिटून घेतली. शाल मला मिळाली. नारळ देताना मास्तर माझ्या हाताकडे बघत होते, पडेल म्हणून.

परतीच्या वाटेवर पुन्हा आम्ही तिघं. आता तर मी नोकरीच घालवून बसले, असं मला वाटत होतं. वाटेत खांब नावाचं गाव लागलं. तिथे बाळाने टपरीपाशी टेम्पो थांबवला. चहा आला. माझा कप हिराबायने बशीसकट धरला आणि मला बशीत ओतून दिला. बाळा ते बघत होता.

"काकी, हाताचं मला सांगायचं नाय?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

तो खोटं बोलणारा नाही, हा त्याचा गुण आहे. जरा विचार करून म्हणाला, "मशीन शोधलं असतं."

"डोळ्यांचं?"

"स्टिकर मिळतात," तो म्हणाला आणि स्वतःच खाली बघायला लागला. मग म्हणाला, "संक्रांतीपासून तुझे डोळे बिघडलेत ते दिसत होतं मला. मी म्हटलं, रंगात खोट हाय."

"मीच म्हटलं होतं तसं," मी कबूल केलं.

त्याने खिशात हात घातला आणि वालाचा दाणा काढला. मटक्यात टाकलाच नव्हता. तो त्याने हिराबायपुढे धरला. "हिराबाय, उद्यापासून ये."

हिराबायने दाणा घेतला, उलटापालटा करून बघितला. "मटका रोह्याला ऱ्हायला. आता देऊन काय उपेग?" असं म्हणत तिने तो पदराच्या टोकाला बांधला. "साडेआठची मिनिडोर गावली तर येतंय. आनि तो पेपर बदला. गेल्या वक्तीचा पेपर नुसता कागुद व्हता."

आता चालू हंगामात ती माझ्यापासून दोन हातांवर नाही, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसते. रबरी साच्यातली साफ मूर्ती आली की तिच्या डोळ्यांच्या जागेवरून अंगठा फिरवते आणि बाळाकडे असं बघते की तो दुसऱ्या खोलीत निघून जातो. पोसम रोह्याच्या शाळेतच ठेवलाय. परीक्षेच्या दिवशी त्याच्यापुढे दूर्वा असतात असं मृणाल सांगते आणि कपाळाला हात लावते. मॉथ मी मागून घेतला. तो आमच्या दोघींच्या मध्ये भिंतीला टांगलेला आहे.

परवा मुंबईची काही माणसं कारखाना बघायला आली. एका बाईंनी तोच प्रश्न विचारला. "देवाचे डोळे काढताना हात कापत नाही का हो?"

"कापतो," मी म्हटलं. "पण देवाला ते कळू नये एवढी सोय या बाई करतात. यांना विचारा."

सगळे हिराबायकडे वळले. कोणीतरी फोनही वर केला. हिराबायने मान वर केली नाही. मला म्हणाली, घासताना मान वर करायची नसते.